मुळीचं पथ्य

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला लगामही नाही. आमच्या माधवनगरच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि गेल्या वर्षापासून रहिमतपूरच्या सिकंदर अत्तारांनाही ठाऊक झालंय. या जिभेपायी एका बाईचा जीव जातोय की काय, असं मला एक अख्खी संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ वाटत होतं. ते सांगणारच आहे, पण आधी हे सिकंदरचाचा कोण ते सांगते.

रहिमतपूरच्या पेठेत त्यांचं दुकान आहे. दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं, एवढंच. मागच्या भिंतीला पत्र्याचे डबे, पुढं काचेच्या बरण्या. हिरडा, बेहडा, वावडिंग, मुरुडशेंग, बाळंतिणीचा काढा, सुरमा आणि कोपऱ्यात अत्तराच्या चार कुप्या. चाचा अडुसष्ट वर्षांचे. अंगानं काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांचं दुकान कधी मोठं झालं नाही आणि होणारही नाही, कारण गिऱ्हाईक आलं की हा माणूस माल काढायच्या आधी उलटतपासणी घेतो.

"खोकल्याला कायतरी द्या चाचा, आईसाठी."

"किती दिस झालं खोकला?"

"झाला की महिना."

"म्हैना? आनि हितं आलायस? चल, उठ. दवाखान्यात ने आदी, फोटो काढ छातीचा."

गिऱ्हाईक हात हलवत परत. असं मी माझ्या डोळ्यांनी चार वेळा पाहिलंय.

ज्याला पुडी मिळते, त्याचीही सहज सुटका नाही. पुडी बांधताना चाचा पथ्य सांगतात. आंबट बंद, नाहीतर ताक बंद, नाहीतर तीन दिवस उन्हात जायचं नाही. दोरा गुंडाळून झाला तरी पुडी हातातच धरतात आणि म्हणतात, "म्हना बघू, काय पथ्य?" गिऱ्हाइकानं ते मोठ्यानं म्हणून दाखवायचं, मगच पुडी सुटणार. मोठमोठ्या मिशांचे बागायतदार शाळेतल्या पोरासारखे "आंबट बंद, तेलकट बंद" म्हणताना मला इतकं हसू यायचं की मी बरण्यांकडं तोंड फिरवून उभी राहायची.

मी तिथं जायची ते कामासाठी. सांगलीजवळच्या एका कॉलेजात मी पीएचडी करते. सह्याद्रीतल्या औषधी झाडपाल्यात कॅन्सरच्या पेशी मारणारं काही सापडतं का, ते तपासायचं. आमच्या जैनांच्या घरात कांदा नाही, बटाटा नाही. माझी आई गुणमाला अजून म्हणते, "आपल्यात कुणी कंदमूळ तोंडाला लावलं नाही, आणि ही पोरगी पोटासाठी मुळ्या उकरत फिरते!" मी तिला सांगितलं, आई, मी उकरत नाही, उकरतात ते सिकंदरचाचा. त्यानं तिचं समाधान झालं नाही.

ज्या वेलीवर माझं काम चाललं होतं तिचं नाव मी सांगणार नाही. नाव फुटलं की वेल उरत नाही. कॅन्सरच्या औषधासाठी तोडून नेलेल्या नरक्याच्या झाडांचं काय झालं ते साताऱ्याच्या डोंगरातल्या कुणालाही विचारा. ही वेल चाचांच्या स्वतःच्या खडकाळ तुकड्यात, बांधाच्या सावलीला उगवते. तिची मुळी आतून पिवळीधमक असते. पहिल्यांदा मागायला गेले तेव्हा त्यांनी मलाही सोडलं नाही. दोरा हातात धरून म्हणाले, "तुमच्या कामाला बी पथ्य हाय, ताई. एका अंगाचीच मुळी घ्यायची, दुसऱ्या अंगाला हात न्हाई लावायचा. आनि नाव कुनाला सांगायचं न्हाई. म्हना बघू."

मी एम.फार्म.ला पहिली आलेली बाई. पण म्हटलं.

त्याच दिवशी त्यांच्या एका डब्याच्या पत्र्यानं माझं बोट कापलं. मी 'आई गं' म्हणायच्या आत चाचांनी चिमूटभर हळद बोटावर दाबलीसुद्धा. "कापलं की हळद. मग बाकीचं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा डब्यात डोकं घातलं.

श्रावणात त्यांनी मुळी काढून वाळवून पाठवली. आम्ही ती कुटून अल्कोहोलमध्ये भिजवली, अर्क काढला. मग ताटलीचं काम. ताटली म्हणजे बारीक बारीक खळगे असलेला प्लॅस्टिकचा तुकडा. प्रत्येक खळग्यात कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या, त्यांना अर्क पाजायचा, दोन दिवसांनी एक पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असतील तर रंग जांभळा होतो, मेल्या असतील तर पिवळाच राहतो. आतापर्यंत मी एकवीस झाडं तपासली होती आणि जांभळा रंग बघून बघून मला वांगंसुद्धा नकोसं झालं होतं. या मुळीनं मात्र सगळी ताटली पिवळी ठेवली. एकदा झालं, मी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. पिवळी ती पिवळीच.

माझे गाईड जवाहर सर म्हणाले, "छान. आता नव्या मुळीवर करून दाखव. तोपर्यंत तोंड बंद."

तोंड बंद! दसऱ्यानंतरच्या रविवारी मी दुसऱ्या खेपेची मुळी सांगायला रहिमतपूरला गेले आणि दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले, "चाचा! तुमच्या मुळीनं कॅन्सरच्या पेशी मारल्या! एकूण एक!"

ओरडल्यावर मला दिसलं, आत मेहरुनचाची बसली होती.

मेहरुनबी म्हणजे चाचांची बायको. उन्हाळ्यात तिच्या छातीत गाठ सापडली, ऑपरेशन झालं आणि पावसाळ्यात किमो सुरू झाली. आठ इंजेक्शनं सांगितली होती, त्यांतली चार झाली होती. सांगलीतल्या दवाखान्यात द्यायची. आदल्या दिवशी पॅसेंजरनं यायचं, कुपवाडला मुलाकडं, आसिफकडं, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी सुई. केस गेले होते, तोंड सोललं होतं, जेवणाचा वास आला तरी तिला मळमळायचं. चौथ्या सुईनंतर ती घरात म्हणाली होती, आता बास, मला हितंच मरू द्या. हे चाचांनीच मला सांगितलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं आणि तरीही मी पायरीवरून ओरडले.

चाची पदर सावरत पुढं आली. तिचे डोळे असे लकाकले की मला अजून आठवतात. "म्हंजी आता ती सुई नको?"

मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणायला हवं होतं, चाची, ताटलीतल्या पेशी व्हिनेगर ओतलं तरी मरतात. ताटलीतून माणसापर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं जातात आणि शंभरातली नव्व्याण्णव औषधं वाटेतच गळतात. हे मी परिषदांमध्ये दोनदा बोलले आहे, तक्त्यांसकट. पण तिचा तो चेहरा बघून माझ्या तोंडून निघालं, "बघू ना चाची! असं झालं तर किती बरं होईल!"

चाचा चष्मा काढून पुसत राहिले. माझी परतीची गाडी होती. मी त्यांना सांगितलं की या वेळी मुळी स्वच्छ धुऊन पाठवा, तुकड्यांना काही म्हणजे काही लावू नका, आणि घाईघाईनं निघाले.

दुसरी खेप आली. अर्क काढला, ताटली मांडली. दोन दिवसांनी बघते तर जांभळी. अख्खी जांभळी, वांग्याचा मळा! पुन्हा केलं. पुन्हा जांभळी. पेशी नुसत्या जिवंत नव्हत्या, तर माझ्यापेक्षा जास्त खुशीत होत्या.

"त्या अत्तारानं दुसरंच काहीतरी दिलं असेल," जवाहर सर म्हणाले. "मागणी वाढली की भेसळ येते."

मी भडकले. सरांना म्हटलं, तो माणूस महिन्याच्या खोकल्याला पुडी देत नाही, तो भेसळ करणार? पण घरी गेल्यावर माझ्याच मनात पाल चुकचुकली. आणि त्या शंकेचा मला फार राग आला, म्हणून दुसऱ्या दिवशी मी दोन्ही खेपांचे अर्क शेजारी शेजारी तपासायला घेतले. पातळ लेप दिलेल्या पट्टीवर दोघांचे ठिपके दिले, पट्टी द्रावणात उभी केली. घटक एकमेकांपासून सुटून वर चढतात, मग दिव्याखाली धरलं की कोण कुठं आहे ते दिसतं. दोन्ही मुळ्या एकच होत्या. सगळे पट्टे जुळले. फक्त पहिल्या खेपेत तीन पट्टे जादा होते, पिवळे, झगझगीत. ते पट्टे सांगलीत राहणाऱ्या माणसाला ओळखू आले नाहीत तर त्यानं हे गाव सोडावं. तरी खात्रीसाठी मी स्वयंपाकघरातली हळद आणून तिसरा ठिपका दिला. तंतोतंत.

मी चाचांना फोन लावला. "चाचा, श्रावणातल्या मुळीला तुम्ही काही लावलं होतं?"

"न्हाई वो. काय लावनार?"

"आठवून बघा."

"हळद तेवढी. ओली करून, दोन्हीकडं."

"दोन्हीकडं म्हणजे?"

"कापलं की जखम व्हती का न्हाई? वेलीच्या अंगाला बी, तुकड्याच्या अंगाला बी. माझा बाप लावायचा. पावसात बुरशी धरत न्हाई. तुमी नगं म्हनलासा म्हनून दुसऱ्या खेपंला तुकड्यास्नी न्हाई लावली. वेलीला लावली, तिनं काय पाप केलंय?"

मी हसायला लागले. चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती आणि मी वेड्यासारखी हसत होते, कारण चाचा खरे निघाले. चाचांनी प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना मलम लावलं होतं आणि मी त्या मलमाचा शोध लावला होता. मुळी आतून पिवळी, त्यात हळद कुणाला दिसणार! हळद ताटलीतल्या पेशी मारते हे जगात हजार वेळा छापून झालंय आणि त्यातून औषध अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही. मुळी एकटी होती तेव्हा तिनं एकही पेशी मारली नव्हती.

मग माझं हसू थांबलं. मी विचारलं, "चाचा, चाची कशा आहेत?"

"बरी हाय. मुळीचा काढा चालू हाय की तिचा. रोज सकाळी. तवापासनं."

"आणि सुया?"

तिकडून कुणीतरी हाक मारली, चाचा "आलो, आलो" म्हणाले आणि फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, उचलला नाही. रहिमतपुरात तीन फोन केले, कुणाला काही माहीत नव्हतं. आसिफचा नंबर माझ्याकडं नव्हता. दसऱ्यापासून नऊ आठवडे झाले होते. नऊ आठवडे म्हणजे तीन सुया. मी बोटं मोजली, पुन्हा मोजली. किमो अशी मध्येच सोडली तर काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आई म्हणाली, "प्रयोग फसला म्हणून उपास?" मी तिच्यावर ओरडले आणि मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडले.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. स्टेशनवरून गावात जायला वडापची जीप भरेपर्यंत थांबावं लागतं. मी एकटीनं तीन माणसांचं भाडं देऊन ती हलवली. दुकानामागंच त्यांचं घर आहे. दारात चाची उन्हाला बसली होती, डोक्याला ओढणी, हातात पितळी पेला. पेल्यातून वाफ येत होती.

"ये गं पोरी. काढा घेती का? तुजाच हाय."

मी तिच्यापुढं खाली बसले आणि म्हटलं, "चाची, मी चुकले. त्या मुळीत काही नाही. काही नाही तिच्यात! मी उगीच बोलले. सुया सोडल्या का तुम्ही?"

चाचीनं पेला खाली ठेवला. तेवढ्यात मागून चाचा आले, माझ्या दंडाला धरून मला उठवलं आणि म्हणाले, "ताई, जरा दुकानात या. हिशेब हाय तुमचा." हिशेब कसला, मला ओढतच नेलं.

दुकानात त्यांनी दार लोटलं आणि वरच्या फळीवरून एक डबा काढला. झाकणाला चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर कागद, कागदावर दसऱ्यानंतरच्या सोमवारची तारीख. उघडून दाखवला. माझीच मुळी. श्रावणातली उरलेली सगळी, एक तुकडा कमी नाही.

"मग काढा कसला?"

"धनं-बडीशेप." आवाज इतका हळू की मला ओठांवरून कळलं. "डाक्टरला इचारून. त्ये म्हनलं, चालंल."

"पण फोनवर तुम्ही..."

"ती म्होरंच बसली हुती. काय सांगनार?"

मग त्यांनी गल्ल्यामागून दवाखान्याची फाईल काढली. पाचवी सुई, सहावी, सातवी. तिन्हींवर तारखा, तिन्हींवर सही-शिक्का. मी त्या शिक्क्यांवरून बोट फिरवलं. देवळात जाऊन मला असं कधी वाटलं नव्हतं. मी तिथंच, वावडिंगाच्या पोत्यावर बसून हुंदके देत रडले आणि चाचा मला गप्प करायला बडीशेपच देत होते.

मग त्यांनी सांगितलं. मी ओरडून गेले त्याच संध्याकाळी चाचीनं जाहीर केलं की आता दवाखाना नाही, मुळीच घ्यायची. चाचांनी समजावलं, आसिफनं फोनवरून समजावलं. ती ऐकेना. तिला लेकापेक्षा, नवऱ्यापेक्षा कॉलेजातल्या बाईचा भरवसा. "मग मी म्हनलं, हिला हिच्याच वाटंनं न्यावं. पुडी बांदली. दोरा हातात धरला आनि म्हनलं, मुळी लय कडक हाय. तिला पथ्य एकच. चालू हाय तवर एक बी सुई चुकवायची न्हाई, चुकली की मुळी उलटती. म्हन बघू."

"म्हणाल्या?"

"म्हनली की. अत्ताराच्या घरातली बाई, पथ्य मोडती व्हय?"

मी डोळे पुसले. चाचांचा चेहरा मात्र उतरलेलाच होता. "आवं ताई, तीन पिढ्या झाल्या दुकानाला. एकाचं नाव सांगून दुसरं कवा कुनाला दिलं न्हाई. पैल्यांदा दिलं, त्ये माज्याच घरात." त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. लबाड माणसाला असं वाटलं असतं तर जग कुठल्या कुठं गेलं असतं.

मी बाहेर येऊन चाचीला सांगितलं की मी रात्रभर जागून काहीबाही बरळले, प्रयोग अजून चालू आहे, काढा घ्या, पथ्य पाळा. खोटं बोलायची माझी ती पहिली वेळ नव्हती, पण एवढ्या आनंदानं कधी बोलले नव्हते.

जवाहर सरांनी हळदीचं सगळं प्रकरण माझ्या प्रबंधात घालायला लावलं. म्हणाले, फसलेला प्रयोग नीट लिहिला तर पुढचे दहा जण फसत नाहीत. त्या वेलीपुढं आता 'परिणाम नाही' असं लिहिलंय आणि मला त्याचं दुःख नाही. उलट बरंच झालं. तिच्या मुळावर कुणी येणार नाही.

आठवी सुई वर्ष संपता संपता झाली. जानेवारीत तपासण्या झाल्या आणि निकालाच्या दिवशी मी कॉलेजातून थेट दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता कुठं काही दिसत नाही; दर तीन महिन्यांनी दाखवायला या. चाचा "शुक्र है" म्हणत आसिफला फोन करायला बाहेर गेले आणि बाकावर मी नि चाची दोघीच उरलो. तिच्या डोक्यावर बोटाच्या पेरभर केस आले होते. ती ते सारखे चाचपत होती.

मला राहवेना. जीभ ती जीभच. म्हटलं, "चाची, एक सांगू? तो काढा..."

"धनं-बडीशेप," चाची म्हणाली.

मी बाकावर तिच्याकडं वळले.

"चाळीस वरसं अत्ताराच्या घरात काढली. रोज पुड्या बांदू लागती. मला बडीशेप कळत न्हाई व्हय? पैल्या घोटालाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? आणि सुया घ्यायला का गेलात? तुम्हाला तर नको होत्या."

चाचीनं दाराकडं पाहिलं. बाहेर चाचा फोन कानाला लावून मोठमोठ्यानं बोलत होते आणि मोकळ्या हातानं डोळे पुसत होते.

"कवा कुनाशी खोटं न बोललेला मानूस, पोरी. माज्यासाठी बोलला. दोरा धरल्याला हात थरथरत हुता त्येचा. म्हनलं, ह्यो एवढा भ्यालाय, तर जाऊ या सुई घ्यायला." मग माझा हात दाबून म्हणाली, "त्यास्नी सांगू नगंस."

चाचा आत आले. पिशवीतून थर्मास काढला, पेला भरला आणि तिच्यापुढं धरून जरा चाचरत विचारलं, "सुया तर संपल्या. पथ्य बी संपलं. काढा आता बंद करायचा का?"

चाचीनं पेला घेतला, एक घोट घेतला आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "न्हाई, चालू ठिवा. लय गुन आला बगा त्येचा."

मी त्या दिवशी तोंड बंद ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा.